'सुन्नी' म्हणजे कोण? पंथभेद, शब्द आणि तरुणांची धार्मिक ओळख

मागील घटकात बोली आणि सामाजिक ओळख यांचा संबंध आपण पाहिला. आता असे एक उदाहरण घेऊ, जेथे शब्दाबरोबर देहाची हालचालही भाषेचे काम करते.

मराठी लेखनात 'मुस्लिम समाज' असा एकवचनी उल्लेख सर्रास आढळतो. शिया-सुन्नी भेद बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु भारतातील मुस्लिम तरुणाला अनेकदा सामोरा येतो तो सुन्नींमधील भेद. १८६६ साली देवबंद येथे दारुल उलूमची स्थापना झाली. दर्ग्यांशी निगडित काही प्रथांवर या परंपरेतील उलेमांनी आक्षेप घेतला, तर बरेलीच्या अहमद रझा खान (१८५६-१९२१) यांनी मिलाद, उरूस, फातिहा यांचे समर्थन केले. दोन्ही परंपरा हनफीच आहेत आणि दोन्ही स्वतःला सुन्नीच म्हणवतात, हे ध्यानात ठेवा. तरीही मुंबईच्या बोलण्यात 'तो सुन्नी आहे' याचा अर्थ पुष्कळदा 'तो बरेलवी आहे' एवढाच असतो. समोरच्याला 'वहाबी' म्हटले जाते. हे नाव तो स्वतः सहसा लावत नाही. अर्थसंकोचाचे इतके जिवंत उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

आता नमाज पाहा. हनफी 'आमीन' हळू म्हणतात. अहले हदीस ते मोठ्याने म्हणतात आणि रुकूच्या आधी व नंतर हात उंचावतात. मालेगावच्या हनफी घरातील मुलाने एके दिवशी तसे हात उंचावले, तर त्याने पंथ बदलला असा तर्क होईल. रत्नागिरीच्या कोकणी मुस्लिम मुलाने तेच केले तर घरात कोणाचे लक्षही जाणार नाही, कारण कोकणी मुस्लिम परंपरेने शाफई आहेत आणि त्याचे आजोबाही तसेच नमाज पढत. चिन्हाचा अर्थ व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन तुम्हांला येथे आठवेल.

घरी असेपर्यंत ही केवळ 'आमच्याकडची पद्धत' असते. वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी कोणी 'तू कोणत्या जमातीचा?' असे विचारले, की तिला नाव मिळते. नावाबरोबर बाजूही येते. काही तरुण ती आईवडिलांपेक्षा कडवेपणाने घेतात. काही 'मी नुसता मुसलमान' म्हणतात. मात्र त्याला 'मी फक्त कुराण व हदीस मानतो' अशी जोड दिली, की ऐकणारा त्यांना अहले हदीस ठरवून मोकळा होतो.

स्थळ पाहतानाही 'अकीदा कोणता?' हे विचारले जाते. माहेरी दरवर्षी होणारी नियाज सासरी करता येईल की नाही, हे त्या उत्तरावर ठरू शकते. आणि हे उत्तर बहुधा मुलीऐवजी तिचे वडील देतात.