लेखांक ५ : पदाचा ईमेल, माणसाचा पासवर्ड

सरकारी ईमेलचे पत्ते दोन तऱ्हेचे असतात: एक अधिकाऱ्याच्या नावाचा, दुसरा पदनामाचा. तहसीलदाराची बदली झाली की नावाचा पत्ता त्याच्याबरोबर जातो. पदनामाचा पत्ता दालनातल्या खुर्चीसारखा तिथेच राहतो. भारत सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित केलेल्या ईमेल धोरणात ही विभागणी आहे. सेवा पुरवते ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एनआयसी.

गफलत होते ती कार्यभार देताना. किल्ल्या मोजून दिल्या जातात, प्रमाणपत्रावर दोघांच्या सह्या होतात. पासवर्ड मात्र तोंडी सांगितला जातो आणि नवे साहेब तोच पुढे चालवतात. मग जुन्या साहेबांच्या मोबाइलवर नव्या साहेबांचे टपाल येत राहते. पासवर्ड त्याच दिवशी बदलणे आणि जुन्या उपकरणांवरचे लॉगइन बंद करणे हा कार्यभाराचाच भाग आहे.

सरकारी पत्र खासगी जीमेलवर वळवून घेण्यास याच धोरणाने मनाई केली. यात गुप्ततेचा प्रश्न आहेच, पण त्याहून रोजचा प्रश्न अभिलेखाचा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा नाव घेऊन उल्लेख आहे. खासगी खात्यातून गेलेला आदेश मात्र ना जावक नोंदवहीत सापडतो, ना सरकारी सर्व्हरवर. अर्जदाराला ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर जाते आणि तो अपिलात जातो. जून २०२२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी निघालेल्या सायबर सुरक्षा मार्गदर्शक सूचनांनीही गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सवर सरकारी कागद ठेवू नयेत आणि कॅमस्कॅनरसारख्या बाहेरच्या ॲपवर अंतर्गत कागद स्कॅन करू नयेत, असे बजावले. कंत्राटी कर्मचारीही त्यातून सुटत नाहीत.

त्याच सूचनांत पासवर्ड दर ४५ दिवसांनी निदान एकदा बदलावा असे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्ये नेमके उलटे सांगितले: पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, कारण माणसे जुन्याच शब्दापुढे एकाचा आकडा दोन करतात. कुठल्याही कार्यालयात टेबलाच्या काचेखाली डोकावले तर एनआयएसटीचे म्हणणे पटावे. तरी नियम आहे तोवर पाळायचा, आणि चिठ्ठी काचेखाली ठेवायची नाही.

सर्वांत महागात पडते ती डिजिटल स्वाक्षरीची उसनवारी. ई-फेरफार प्रणालीत मंडळ अधिकारी जमिनीच्या फेरफाराची नोंद प्रमाणित करतो तो या स्वाक्षरीने. ती एका डोंगलमध्ये असते आणि पिन टाकल्यावर उमटते. साहेब दौऱ्यावर, डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि पिन त्याला पाठ, हे चित्र काही दुर्मीळ नाही. त्यामागे बहुधा लबाडी नसते. साचलेल्या नोंदी असतात, संथ सर्व्हर असतो. पण ही कोऱ्या कागदावर सही करून देण्याचीच गोष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४२ स्वाक्षरीची किल्ली ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी स्वाक्षरीधारकावरच टाकते. दुसऱ्याची स्वाक्षरी किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंद चुकीची निघाली तर प्रणालीत नाव दिसते ते डोंगलवाल्याचे.

बाहेरून येणारा धोका ओळखीचा वेष घेतो. सरकारी ईमेलला दुहेरी पडताळणीसाठी ‘कवच’ नावाचे ॲप दिले होते. २०२२ मध्ये हल्लेखोरांनी त्याचीच बनावट आवृत्ती पसरवली. कुलूप म्हणून जे उतरवून घेतले, तीच चोरवाट ठरली. ॲप किंवा अपडेट एनआयसीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. ईमेलमध्ये आलेल्या दुव्यावरून घेऊ नये.

संगणकात कुणी शिरल्याचा संशय आलाच तर पहिली कृती म्हणजे नेटवर्कची तार काढणे. मग कार्यालयाच्या सायबर सुरक्षा अधिकाऱ्याला कळवणे. सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे सर्ट-इन; तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवाव्या लागतात. ‘व्हायरस आला, फॉरमॅट मारा’ ही जुनी सवय इथे घातक आहे. फॉरमॅट केलेल्या संगणकातून कोण आले, काय नेले, याचा माग पुसला जातो.