मोटारीच्या गंजलेल्या तळाची दुरुस्ती

जुनी वस्तु टाकून देण्याची रीत शेतकऱ्याच्या घरीं नाहीं. नांगराचा फाळ झिजला तर तो लोहाराकडे जातो. गोठ्याचें छप्पर गळूं लागलें तर पत्रा बदलतो. दारांतील जुन्या मोटारीसहि हाच न्याय लागू आहे. परंतु तिचा तळ गंजला म्हणजे त्याच गंजावर दुसरा पत्रा ठोकून वर चटई अंथरावयाची, अशी जी चाल पडली आहे ती घातक आहे. ती कां घातक, व तिच्या जागीं काय करावें, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मोटारीच्या धंद्याशीं सोलापूरचें नातें जुनें आहे. १८८२ सालीं सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें निघालेली फियाट ११००, तिचेंच नंतरचें रूप प्रीमियर पद्मिनी, आणि महिंद्रांची जीप हीं वाहनें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओळखीचीं आहेत. मात्र दोहोंच्या तळांत मोठा भेद आहे. जीपला खालीं स्वतंत्र लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, असते व मुख्य भार ती घेते. फियाटला तशी निराळी चासी नाहीं. तळ, दारांखालचे पोकळ उंबरे, खांब व छप्पर मिळून जी एक पेटी होते तीच सर्व भार वाहते. जीपचा तळ कुजला तर पाय ठेवण्याची जागा जाते. फियाटचा कुजला तर घराचा पायाच खचतो. शिवाय बैठकांचे बोल्ट गंजक्या पत्र्यांत असतील, तर ऐन धक्क्याच्या वेळीं बैठक माणसासकट उखडते.

गंज कां चढतो

वर्षास सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पावसाच्या या मुलखांत गंज कोठला, असें कोणी विचारील. पण गंजास आभाळाचेंच पाणी लागतें असें नाहीं. पाट धरून आलेल्या माणसाचे ओले पाय, पेंडीचीं व खताचीं पोतीं, दुधाची सांडलेली किटली, हें सर्व चटईखालीं मुरतें. युरिया पावसाळी हवेंतील ओल ओढून घेतो, आणि म्युरिएट ऑफ पोटॅशमधील क्लोराईड त्या ओलींत मिसळून गंजण्याचा वेग वाढवितें. खालून चाकांच्या कमानींत बसलेला चिखल हेंच काम करतो. गंज हा सच्छिद्र असल्यामुळें तो लोखंडाचें रक्षण करीत नाहीं. उलट पाणी धरून ठेवतो. म्हणूनच त्यावर ठोकलेला पत्रा किंवा फांसलेलें डांबर आंतील रोग झांकतें, थांबवीत नाहीं.

परीक्षा व काम

प्रथम बैठका व चटया काढून तळ धुवावा व वाळवावा. हातोडीनें हलके ठोकीत जावें. जेथें खणखणीत आवाज येतो तो पत्रा निरोगी. जेथें बद्द आवाज येतो तेथें स्क्रूड्रायव्हरचें टोक दाबून पाहावें. नंतर पाणी कोठून येतें तें शोधावें. पुढच्या कांचेचें व दारांचें रबर फाटलें आहे काय, आणि दारांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यास ठेविलेलीं भोंकें मातीनें बुजलीं आहेत काय, हें पाहावें. वाट बंद न करतां पत्रा बदलणें म्हणजे फुटका बांध न बांधतां वाफ्यांत माती भरणें होय.

वरवर गंज असेल तर तारेच्या ब्रशानें घांसून रेड ऑक्साईड देणें पुरे. पत्रा खाल्लेला असेल तर निरोगी लोखंड लागेपर्यंत तो कापलाच पाहिजे. येथें हात आंखडूं नये. कापण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या, पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या बाजूस कराव्या, आणि वाळूची बादली जवळ ठेवावी. फियाटसारखी गाडी सपाट जागीं टेंकू देऊन उभी करावी, व दोन्ही बाजू एकदम कापूं नयेत. नाहीं तर पेटी वांकून दारें बसेनाशीं होतात.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम मूळ जाडीचाच, साधारण १ मिलिमीटरचा, पत्रा घ्यावा. मूळ तळास पन्हळी असतील तर नव्यासहि पाडाव्या, कारण ताठपणा त्यांतच असतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच जोडूं नये; त्याच्या धुरानें ताप येतो. साध्या कांडीच्या वेल्डिंगनें इतक्या पातळ पत्र्यास भोंकें पडतात. म्हणून गॅसच्या आवरणांत तारेनें होणारें, गॅरेजांत सीओटू म्हणतात तें वेल्डिंग बरें. टाके दूरदूर घालावे व मधून पत्रा निवूं द्यावा. शेवटीं सांधे सीलंटनें बुजवून दोन्ही अंगांस रेड ऑक्साईड, व तो वाळल्यावर खालून डांबरी रंग द्यावा. उंबऱ्यांचीं पाणी जाण्याचीं भोंकें मोकळीं ठेवावीं.

उंबरे व खांबहि आंतून कुजले असल्यास मात्र मोह सोडावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं तपासणी होऊनच नवी होते; पण अधिकाऱ्याच्या तपासणीपेक्षां त्या गाडींतून शाळेस जाणाऱ्या मुलांचा जीव मोठा. दरवर्षीं मृगापूर्वीं आपण बांध पाहतों व छप्पर पाहतों. त्याच दिवशीं मोटारींतील चटईहि उचलून पाहावी. अर्ध्या तासाचें हें काम पुढील मोठा खर्च वांचवील.