आठव्या महिन्यातलं सिझर: कधी, का आणि घरच्यांनी काय करायचं



बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की मनातली बोलणी सुरू होतात. त्यात एक वाक्य आम्ही फुलंब्रीपासून पैठणपर्यंत सगळीकडे ऐकतो: “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.” एरवी ते नुसतं बोलणं असतं. पण डॉक्टर म्हणतात, “आजच सिझर करावं लागेल,” तेव्हा याच वाक्यापायी सासूबाईंचा धीर सुटतो, सही करायची राहते आणि हातातला वेळ निघून जातो. म्हणून आज याविषयी बोलू.

आधी त्या वाक्याचंच बघू. ते खरं नाही. पोटातल्या प्रत्येक आठवड्यात बाळाची फुप्फुसं, मेंदू आणि अंगावरची चरबी वाढत असते. त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात.

मग डॉक्टर दिवस भरायची वाट का बघत नाहीत? बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून, नाळेतून मिळतो. ठिबकची नळी चोंदली तर मोसंबीचं झाड जसं सुकायला लागतं, तसंच वारेकडून रक्त कमी आलं की बाळाची वाढ खुंटते, भोवतीचं पाणी कमी होतं. पुष्कळदा याच्या मागे आईचं वाढलेलं बीपी असतं. पाच महिन्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि लघवीत प्रथिनं सापडली, तर तो गरोदरपणातला गंभीर आजार असतो. गोळ्यांनी बीपी आटोक्यात ठेवता येतं, पण आजाराचं मूळ बाळंतपण झाल्यावरच सुटतं. तो वाढला तर आईला झटके येतात, जीवही जाऊ शकतो.

हे कळण्यासाठी तीन तपासण्या करतात. सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि पाणी दिसतं. डॉपलर नावाच्या सोनोग्राफीत नाळेतलं रक्त नीट वाहतंय का ते कळतं. तिसऱ्या तपासणीत पोटाला पट्टा बांधून साधारण २० मिनिटं बाळाचे ठोके कागदावर उतरवतात. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत, आणि बाळ हललं की थोडे वाढावेत. एखाद्या तपासणीत थोडं कमी-जास्त दिसलं म्हणजे लगेच सिझर, असं नसतं. दाखल करून पुन्हा पुन्हा बघतात. पण नाळेतला प्रवाह थांबत असेल, ठोके मंदावत असतील, तर आत राहण्यापेक्षा बाहेर येणं बाळाला सुरक्षित. अशक्त बाळाला कळांचा दाब सोसत नाही, म्हणून तिथे सिझर करतात. बाळाची तब्येत ठीक असेल तर कळा आणून बाळंतपण करायचा प्रयत्नही होतो.

तेव्हा सही करण्याआधी शांतपणे चार प्रश्न विचारा. धोका आईला आहे की बाळाला? थांबता येईल का, आणि किती? फुप्फुसं तयार होण्याचं इंजेक्शन दिलं का? बाळासाठी इथे काचेच्या पेटीची सोय आहे का? “पैशासाठी पोट फाडतात” ही शंका आपल्या बायांच्या मनात असते, आणि विनाकारण सिझर होतात हेही खोटं नाही. म्हणूनच कारण विचारायचं. विचारणं हा आपला हक्क आहे. पण कारण कळल्यावर पुतण्याला विचारू, मामाला बोलावू, असं करत रात्र घालवू नका.

ते इंजेक्शन महत्त्वाचं आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवलं, की अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होण्याआधी आईला हे औषध दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. म्हणून वेळेत पोहोचलेल्या बाईला जास्त फायदा मिळतो.

बाळ झाल्यावर त्याला ऊब, आईचं दूध आणि स्वच्छ हात लागतात. बाळ स्थिर असलं की त्याला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवतात. कांगारूसारखी ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. आई थकली तर बाप, आजीही बाळाला असं धरू शकतात. सिझर झालं म्हणून दूध येत नाही, असं नाही. बाळ ओढत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने पाजतात. घरी आल्यावर आशाताईला येऊ द्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. हे काम १९९९ साली जगासमोर आलं.

खर्चाची धास्ती असते. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि सिझर झालेल्या आईला ७ दिवस जेवण मोफत आहे. नेण्या-आणण्याची गाडीही मोफत. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आपल्या शहरातल्या घाटी दवाखान्यात जालना, बीड, परभणीहूनही अवघडलेल्या बाया येतात. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

आता आपल्या गटाने काय करायचं? गटातली कोण गरोदर आहे, तिची तारीख काय, रक्तगट कोणता, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. रक्त देऊ शकणाऱ्या चार जणांचे फोन नंबरही लिहा. अडीनडीचं कर्ज बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी मिळेल, असा ठराव करा. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईच्या पिशवीत माता-बाल कार्ड आहे ना, ते गाडी निघण्याआधी बघा. सिझर झालेल्या बाईला दीड महिना हंडा, भारा उचलू देऊ नका, तिचं पाणी आपण आळीपाळीने भरू. पुढचं मूल किमान दोन वर्षांनी, आणि बाळंतपण दवाखान्यातच.

शेवटी, ही लक्षणं प्रत्येकीने पाठ करावीत: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हाताला सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणं, अंगावर रक्त किंवा पाणी जाणं. आणि बाळ नेहमीपेक्षा कमी हलणं. डाव्या कुशीवर निजून मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं नाही, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. दवाखान्यात जाऊन सगळं ठीक निघालं, तर फार तर एक खेप वाया गेली म्हणू.