काचेच्या टाकीतील प्रवाळांची दुखणी

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे अंगठीतील मंगळाचा लाल खडा, किंवा फार तर वैद्याच्या पुडीतील प्रवाळभस्म डोळ्यांपुढे येते. हे पोवळे म्हणजे मेलेल्या जीवाचे हाड होय. जिवंत प्रवाळ घरात पाळावे, त्यास वेळेवर दिवा दाखवावा आणि त्याचे दुखणे-खुपणे पाहावे, ही कल्पना मात्र आपल्या कानांस नवीन आहे. जर्मनी, अमेरिका, इंग्लंड या देशांत हा छंद रूढ होऊन बरीच वर्षे लोटली. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थाने समुद्राचे पाणी, समुद्रातील जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच सामग्रीवर टाकी चालविल्याचा वृत्तांत एका अमेरिकन मासिकात दिला. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, प्रखर दिवे आणि फेसाबरोबर मळ काढून टाकणारे यंत्र यांच्या साह्याने दगडी प्रवाळे वाढविण्याची रीत बसविली. तीस आजही बर्लिन पद्धती म्हणतात.

आपल्या देशात समुद्रातील प्रवाळ घरी आणता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला. तेव्हा मालवणच्या खडकावरील तुकडा खिशात घालून आणणे हाही गुन्हाच होय. तथापि टाकीतील प्रवाळ ज्या कारणांनी आजारी पडते, त्यांपैकी कित्येक कारणे समुद्रातही लागू आहेत. मालवणजवळची प्रवाळे पांढरी पडल्याच्या नोंदी झालेल्या आहेत. म्हणून बर्लिनच्या दिवाणखान्यातील हे रोगनिदान कोकणच्या माणसानेही ऐकून ठेवण्यासारखे आहे.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि कीटकही नव्हे. भूगोलाच्या पुस्तकांनी रूढ केलेला ‘प्रवाळकीटक’ हा शब्द साफ चुकीचा आहे. तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असलेला तो एक मऊ पिशवीसारखा प्राणी आहे, आणि एका फांदीवर असे शेकडो प्राणी एकमेकांस चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वसती करून असते. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करते व त्याचा मोठा वाटा यजमानास देते; यजमान त्यास आसरा आणि खत पुरवितो. प्रवाळाचा तपकिरी वर्ण बहुतांशी या भाडेकरूचा असतो. (दागिन्यातले भूमध्य समुद्राचे लाल पोवळे मात्र या घराण्यातले नाही. ते अंधुक उजेडात शैवालावाचून राहते, व त्याचा रंग त्याच्या हाडाचाच असतो.)

आता एके सकाळी टाकीच्या मालकास असे आढळते की, कालपर्यंत फुलासारखे उमललेले प्रवाळ मिटून बसले आहे, अथवा त्याची एक बाजू पांढरी झाली आहे. बहुधा तो प्रथम दुकानाकडे धावतो आणि कसलीशी बाटली आणून पाण्यात ओततो. दुसऱ्या दिवशी दिवा बदलतो, तिसऱ्या दिवशी अर्धे पाणी बदलतो. चौथ्या दिवशी प्रवाळ मरते, आणि ते मूळ दुखण्याने मेले की उपचारांनी, हे कोणासही सांगता येत नाही. प्रवाळांच्या बाबतीत घाईइतका घातक रोग दुसरा नाही.

पांढरे पडणे दोन प्रकारचे असते, आणि तो भेद ओळखता आला म्हणजे अर्धे निदान झाले. पहिल्या प्रकारात प्रवाळाचे मांस शाबूत असते. फक्त आतले शैवाल निघून गेलेले असते. भिंग लावून पाहिले तर काचेसारखे पारदर्शक स्पर्शक हलताना दिसतात. हे प्रवाळ मेलेले नाही, उपाशी आहे. उष्णता आणि प्रखर उजेड ही याची मुख्य कारणे. टाकीचे पाणी २४ ते २६ अंश सेल्सियस असावे. ते तिशीच्या वर जाऊन काही दिवस तसेच राहिले की शैवाल यजमानाचे घर सोडू लागते. जुना मंद दिवा काढून त्या जागी नवा प्रखर दिवा एकदम पूर्ण तेजाने लावला, तरी हाच परिणाम होतो. उपाय साधा आहे. पाणी हळूहळू थंड करावे, उजेड कमी करावा, बारीक खाद्य थोडे थोडे द्यावे आणि वाट पाहावी. रंग परतण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात.

दुसऱ्या प्रकारात मांसच गळून पडते आणि उघडे हाड दिसते. काही दिवसांतच त्यावर हिरवट शेवाळ चढते. ही गळती बुंध्यापासून सावकाश वर सरकत असेल तर विचार करण्यास सवड असते. ॲक्रोपोरासारख्या नाजूक फांदीदार जातीत मात्र कधी कधी एका रात्रीत सबंध झाड सोलून निघते. अशा वेळी कारणाचा शोध पाण्यात घ्यावा, आणि तोही एका क्रमाने घ्यावा.

सर्वांआधी खारटपणा. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग मीठ असते. टाकीतून जी वाफ जाते ती निव्वळ पाण्याची. मीठ मागे राहते. ३०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी आटते असे धरा. मालक दहा दिवस गावी गेला आणि भर घालणारे कोणी नसले, तर २७० लिटर पाण्यात मूळचेच मीठ उरते आणि खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. परत आल्यावर घाबरून त्याने ३० लिटर गोडे पाणी एकदम ओतले, तर तो दुसरा आघात होय. त्यातून मापकच खोटे बोलत असेल तर पाहावयासच नको! तरंगणाऱ्या काट्याच्या मापकावर एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. म्हणून ज्याचा खारटपणा नक्की ३५ आहे असे ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणाने मापकाची पारख केल्यावाचून त्यावर विसंबू नये.

त्यानंतर अल्कता, म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ती. येथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून थोडे थांबून पाहणे इष्ट. प्रवाळ आपले हाड पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट यांपासून बांधते. साहजिकच वाढत्या टाकीत ही दोन्ही द्रव्ये रोज खर्च होतात. अल्कता जर्मन अंशांत मोजतात, आणि ती १ अंशाने उतरते तेव्हा दर लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडलेले असते. आता कॅल्शियम ४२० वरून ४१३ झाले, तर घरगुती परीक्षेत ते कळणारही नाही. उलट अल्कता ८ वरून ७ झाली, तर आठवा हिस्सा गेला! याच कारणास्तव जाणकार लोक अल्कता वरचेवर तपासतात आणि कॅल्शियम अधूनमधून. अल्कता ७ असो वा १०, प्रवाळ दोन्ही सोसते. त्यास सोसत नाही तो एका दिवसात ७ वरून १० चा उड्डाणपूल. त्यातही पाणी फार स्वच्छ, म्हणजे खतद्रव्यांवाचून असेल, तर वाढलेल्या अल्कतेने फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी होतात.

ही तूट भरून काढण्याचा एक जुना उपाय आपल्या स्वयंपाकघरास व पानाच्या डब्यास अपरिचित नाही. तो म्हणजे चुन्याची निवळी. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी तो युरोपात लोकप्रिय केला. लिटरभर पाण्यात सुमारे दीड ग्रॅमच चुना विरघळतो, बाकीचा गाळ तळाशी बसतो. वरची नितळ निवळी थेंबाथेंबाने, विशेषतः रात्री सोडावी. पेलाभर एकदम ओतली तर पाण्याचा दाहकपणा चढून ज्यांना वाचवावयाचे तीच प्रवाळे होरपळतात.

स्वच्छतेचा अतिरेक हेही एक दुखणेच आहे. नायट्रेट व फॉस्फेट वाढले की प्रवाळ तपकिरी पडते आणि शेवाळ माजते, हे खरे. परंतु नव्या उत्साही मालकाची यंत्रे ही दोन्ही द्रव्ये शून्यावर आणतात, आणि मग आतले शैवाल खतावाचून फिके पडते. अशा टाकीत गाळण्या कमी करून माशांस थोडे अधिक खाऊ घालणे हाच उपचार.

पाण्यात दोष सापडला नाही तर शेजारी तपासावेत. रात्री दिवे मालवल्यावर बॅटरी घेऊन पाहिले, तर गॅलॅक्सिया जातीचे प्रवाळ लांबलचक दंशतंतू सोडून शेजाऱ्यास भाजताना दिसेल. चामड्यासारखी मऊ प्रवाळे डंख न मारता पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी ठेवतात. फांद्या कुरतडणारे चपटे कृमीही रंगाने इतके बेमालूम मिसळतात की चाव्याचे गोल पांढरे ठसे पाहूनच त्यांचा पत्ता लागतो. शिवाय काही दुखणी दुखणी नसतातच. सार्कोफायटॉन हे छत्रीसारखे मऊ प्रवाळ मधूनच आठवडाभर मिटून बसते, अंगावर मेणचट पापुद्रा धरते, तो टाकते आणि पुन्हा टवटवीत होते. त्यास औषध देणारा मालकच उपचारास पात्र म्हणावा.

एका धोक्याचा उच्चार आवश्यक आहे. पॅलिथोआ नावाच्या बटणासारख्या जीवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते नको म्हणून दगड उकळत्या पाण्यात घालणाऱ्या किंवा ब्रशाने घासणाऱ्या कुटुंबांस वाफेने व तुषारांनी श्वासाचे विकार होऊन रुग्णालयात जावे लागल्याचे प्रकार युरोप-अमेरिकेत घडले आहेत. असा दगड कधीही उकळू नये, आणि हातमोजे व चष्मा घातल्यावाचून त्यास हात लावू नये.

इतके करूनही गळती वर चढतच राहिली, तर शेवटी कात्री हाती घ्यावी लागते. मेलेल्या भागाच्या सीमेवर न कापता, निरोगी मांसाचे बोटभर अंतर सोडून फांदी तोडतात आणि नव्या दगडाच्या चकतीवर डिंकासारख्या चिकट द्रव्याने बसवितात. मूळ झाड बहुधा जाते. चकतीवरचा तुकडा मध्यम उजेडात, हलत्या पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत त्याचे मांस चकतीवर पसरू लागते. अनुभवी पाळणारे प्रकृती ठणठणीत असतानाच असा एखादा तुकडा मित्राच्या टाकीत देऊन ठेवतात, आणि आपल्याकडचे मेले तर तेथून परत मागून आणतात.