रोहिणीच्या शेजारी घडणारे ग्रह

6 नोव्हेंबर 2014. त्रिपुरी पौर्णिमा; कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पणत्या उजळण्याचा दिवस. त्याच दिवशी चिलीतल्या ‘अल्मा’ दुर्बिणीने टिपलेलं ‘एचएल टाउरी’ या ताऱ्याचं चित्र जगापुढे आलं. मधोमध तेजस्वी गाभा, भोवती एकाबाहेर एक झळाळती कडी आणि कड्यांमध्ये काळ्या फटी. ग्रह घडवणारी तबकडी इतकी स्पष्ट त्याआधी कधी दिसली नव्हती.

हा तारा आपल्या ओळखीच्या आकाशात आहे. कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास पन्हाळ्याच्या तटावरून पूर्वेला कृत्तिका आणि त्यांच्याखाली तांबूस रोहिणी दिसते. रोहिणीच्या उत्तरेला जेमतेम दोन अंशांवर एचएल टाउरी आहे. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर, तर हा 450. धुळीने वेढल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण त्या धुळीतून निघणाऱ्या मिलिमीटर लांबीच्या लहरी आपल्यापर्यंत पोचतात. हवेतली वाफ त्या शोषून घेते, म्हणून अल्माच्या 66 अँटेना 5000 मीटर उंचीवरच्या कोरड्या पठारावर उभ्या आहेत.

तबकडी तयार होते ती गिरकीमुळे. वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो, तेव्हा फुगडीत हात जवळ ओढल्यावर वाढावा तसा त्याचा वेग वाढतो. सगळाच ऐवज मध्यभागी कोसळू शकत नाही. उरलेला चपटा होऊन ताऱ्याभोवती फिरत राहतो. धुळीचे कण एकमेकांना चिकटत खडे होतात. खरी अडचण पुढे येते. मीटरभर आकाराचा दगड वायूच्या अडथळ्यामुळे वेग गमावतो आणि पृथ्वीइतक्या अंतरावरून शे-दोनशे वर्षांतच ताऱ्याकडे ओढला जातो. वायूचा दाब जिथे वाढतो, तिथे मात्र खडे अडकून साठतात. अल्माने दाखवलेली कडी म्हणजे असेच साठे असावेत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

ग्रह घडण्यासाठी मुदतही थोडी असते. बहुतेक ताऱ्यांभोवतालचा वायू एक कोटी वर्षांच्या आत विरतो. सूर्याचं वय सुमारे 457 कोटी वर्षं. गुरूला आपला सगळा वायू त्या सुरुवातीच्या अल्प काळातच गोळा करावा लागला. ‘पीडीएस 70’ या ताऱ्याच्या तबकडीतल्या फटीत घडत असलेला ग्रह 2018 मध्ये थेट दिसला. 2024 मध्ये एचएल टाउरीच्या तबकडीत पाण्याची वाफ सापडली; पृथ्वीवरच्या सर्व महासागरांच्या किमान तिप्पट.

तारे आणि ग्रह कसे घडतात याच्या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पी. मनोज आणि त्यांचे विद्यार्थी राहिलेले मयंक नारंग यांनी सहकाऱ्यांसह जेम्स वेब दुर्बिणीतून एका भ्रूणताऱ्याचा झोत शोधला. सूर्याच्या वस्तुमानाच्या 12 ते 17 टक्केच भरणारा हा तारा अजून तबकडीतून ऐवज ओढतो आहे.

अल्माची निरीक्षणं साधारण वर्षभरानंतर सर्वांना मोफत खुली होतात. म्हणजे शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना या तबकड्यांवर काम करायला चिलीला जाण्याची गरज नाही. गरज आहे ती गणिताची, संगणकाची आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकाची. आपली पृथ्वी कशी घडली, या प्रश्नाच्या उत्तरात कोल्हापूरचीही भर पडावी.