पित्त म्हणून सोडून देऊ नका

आमच्या खाला गेल्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून जबडा दुखतो म्हणत होत्या. जोडीला मळमळ आणि दरदरून घाम. ईदचे मटण बाधले असेल, नाहीतर दाढ किडली असेल, असे घरात सगळ्यांचे मत पडले. त्यात आम्हीही होतो. सोडा झाला, ओवा झाला, दाढेत लवंग धरून झाली. संध्याकाळी धाप लागली तेव्हा कुठे त्यांना दवाखान्यात नेले. ईसीजी काढल्यावर कळले, हा हार्ट अटॅक आहे. स्टेंट घातला, खाला वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या वाया गेलेल्या तासांत हृदयाचा जो भाग निकामी झाला, तो परत आला नाही.

खालूंच्या छातीत कळ आली असती तर आम्ही दहा मिनिटांत रिक्षा बोलावली असती. हे आम्हाला फार लागले.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असे आपण धरून चालतो. स्त्रियांना पहिला झटका साधारणपणे पुरुषांपेक्षा काही वर्षे उशिरा येतो, हे खरे. पाळी सुरू असेपर्यंत शरीरातील संप्रेरकांचे काहीसे संरक्षण असते. पाळी गेली की ते ओसरते. मधुमेह असेल तर त्याआधीही त्यावर विसंबता येत नाही.

मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम यूसुफ यांनी ५२ देशांतील रुग्णांचा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. स्त्रियांतील पहिल्या झटक्याचा सुमारे ९४ टक्के धोका केवळ नऊ गोष्टींशी जोडता येतो, असे त्यात दिसले. रक्तातील चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता आणि बसून राहणे या त्यातल्या मुख्य. म्हणजे बरेचसे आपल्या घरातच आहे.

तंबाखू म्हटले की आपल्याकडच्या बायका नवऱ्याकडे बोट दाखवतात. मिश्री मात्र त्यांना तंबाखू वाटतच नाही. सकाळी दात घासायला, दुपारी जेवल्यावर, आणि कुणी शेजारीण आली की पुन्हा एकदा. खालांची मिश्री चाळीस वर्षांची. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. ही सवय सोडवणे हे आम्हाला सर्व पथ्यांत अवघड गेले. डबा दोनदा फेकला, दोनदा नवा आला.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आपले सुकट, लोणचे, पापड आणि चहाबरोबरची खारी यांतच ते संपते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास ठेवावे. रमजानमध्ये रोज संध्याकाळी कढई चढते, तेव्हा हा हिशेब कुठल्या कुठे जातो. भजी जुम्याला ठेवा, एरवी चणाचाट, फळे, खजूर पुरे. ताजा बांगडा तळण्याऐवजी कालवणात घाला. त्यातली चरबी हृदयाला चांगली. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

चालायला जागा नाही, ही मोहल्ल्यातील भगिनींची तक्रार खोटी नाही. घरकामात दिवसभर पाय दुखतात, पण दम लागेल असे चालणे त्यात क्वचितच होते. आठवड्याला १५० मिनिटे लागतात. फजरनंतर दोघीतिघींनी मिळून निघावे, नाहीतर गच्ची आहेच. कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा. शिवणाची टेप घरात असतेच.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या जणींना सांगितली जाते. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर ती उतरली तरी पुढे हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. ती जुनी फाइल टाकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि दरवर्षी तपासणी करून घ्या.

छातीवर दडपण येणे हे लक्षण स्त्रियांतही सर्वांत जास्त दिसते. पण धाप, मळमळ, घाम, जबडा किंवा पाठ दुखणे, एकाएकी गळून जाणे ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात. छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. असे अचानक झाले आणि थांबेना, तर सोडा पीत बसू नये, नवरा कामावरून येण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजीची सोय आहे तिथेच जावे. खालांच्या फ्रिजवर हा नंबर आता मोठ्या आकड्यांत चिकटवला आहे. धाकट्या नातीला अजून वाचता येत नाही, पण तेवढे तीन आकडे ती ओळखते.