पाठीवरची निळी चूल

कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या डब्यांतून केलेला स्पिरिटचा स्टोव्ह भरतो जेमतेम पंधरा ग्रॅम. एकट्याने सॅक पाठीवर टाकून डोंगर चढणाऱ्यासाठी मला याहून लाडकी चूल नाही. पेडगावच्या पोराने (म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याचं, हे परभणी तालुक्यातलं) तर ती आपलीच मानावी. कारण तिचं इंधन उसाच्या मळीतून निघतं, ज्वारीच्या धांड्यातूनही निघतं, आणि परभणीच्या मातीला ही दोन्ही पिकं नवी नाहीत.

डबा वितळत का नाही?

डब्याची भिंत सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि स्पिरिटची ज्योत त्याहून कितीतरी तापते. तरी डबा शाबूत राहतो, कारण आतलं स्पिरिट म्हणजे द्रव इथेनॉल असतं आणि ते ७८ अंशांनाच उकळू लागतं. जोवर द्रव आहे तोवर ते भिंतीची उष्णता स्वतःकडे ओढून घेतं. द्रव संपलं की ज्योतही संपते. इंधनच चुलीला वाचवतं, ही गोष्ट मला दर वेळी तितकीच भारी वाटते.

कात्री, सुई आणि संयम

दोन डब्यांची बुडं तीन-चार सेंटिमीटर उंचीवर कापायची. एका डब्याच्या पत्र्याची पट्टी काढून तिचं कडं करायचं, कड्याच्या खालच्या काठाला दोन-तीन खाचा द्यायच्या आणि ते आत उभं करायचं. वरच्या बुडाला मधोमध भोक पाडायचं, ते खालच्या बुडात हळूहळू दाबून बसवायचं आणि कडेने सुईने बारीक छिद्रं पाडत जायचं. स्पिरिट मधे ओतलं की खाचांतून दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत शिरतं. पेटवल्यावर आधी मधेच जळतं, अर्ध्या-एक मिनिटात पोकळीतलं स्पिरिट उकळून वाफ होते आणि कडेच्या छिद्रांतून निळ्या ज्योतींचं कडं उमलतं. त्या क्षणी तोंडातून ‘वा!’ निघतंच.

भांडं थेट डब्यावर ठेवायचं नाही. तारेच्या जाळीचा स्टँड करून तीन-चार सेंटिमीटर वर ठेवायचं. भोवती पत्र्याचा वाराआड हवाच. उघड्या माळावर या बारीक ज्योतीला वारा टिकू देत नाही, आणि आडोशाविना इंधन दुप्पट गेलं तरी नवल नाही. कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात, म्हणून हातमोजे घालून काम करा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा डब्याचा रंग आणि आतला लेप जळून घाण वास सुटेल. तो विधी घरामागे, उघड्यावर उरकून घ्या.

विकतचा हवा असेल तर

स्वीडनची ट्रांजिया. कंपनी १९२५ सालची, वाराआडासकट येणारा तिचा कुकर १९५१चा. पितळी बर्नर ११० ग्रॅमचा, हलणारे भाग नाहीत, पंप नाही, पिन नाही. ज्योत मंद करायला झाकणासारखी कडी मिळते. पिठलं शिजवायचं असेल तर ट्रांजिया घ्या. नुसतं पाणी उकळायचं असेल तर डबा पुरे.

आपल्या आज्यांनी स्पिरिटचा उपयोग ट्रेकर्सच्या कितीतरी आधी जाणला होता. घरोघरी भरभरणारा पितळी प्रायमस पेटवण्याआधी तापवावा लागे; त्यासाठी स्पिरिटात भिजवलेला काकडा बर्नरला लावत. स्पिरिटचा स्टोव्ह मात्र भरभरत नाही. पहाटे गडावर चहा ठेवला तरी शेजारच्या तंबूतल्या माणसाची झोप मोडत नाही.

इंधनात पाणी, आणि तेही मुद्दाम

स्पिरिटने भांड्याचं बूड काळं होत असेल तर त्यात दहा टक्के पाणी घाला, असं ट्रांजियावालेच सांगतात. काजळी कमी होते.

पण पाण्याच्या बाबतीत खरी कमाल केली ती फलटणने. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली स्थापलेली) डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी असा स्टोव्ह घडवला, ज्यात निम्मं इथेनॉल आणि निम्मं पाणी चालतं! त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. इथेनॉल जितकं शुद्ध करायचं तितकी ऊर्ध्वपातनाची मेहनत आणि ऊर्जा जास्त लागते. पन्नास टक्क्यांवर थांबलं तर गावपातळीवरही ते जमण्यासारखं आहे, आणि पाणी मिसळलेलं इंधन घरात ठेवायलाही कमी धोक्याचं. याच संस्थेने १९८०च्या दशकात गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल करून ते सूर्याच्या उष्णतेवर गाळण्याचे प्रयोग केले. म्हणजे एकाच रानात दाणा भाकरीला, रस चुलीला आणि चोथा गुरांना. राजवंशींना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपल्या डब्याच्या स्टोव्हात मात्र हे पन्नास टक्क्यांचं मिश्रण चालवू नका. त्याला वेगळा, दाबावर चालणारा बर्नर लागतो.

आणि ज्वारी म्हटली की परभणी आलीच. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी मोती’ हा रब्बी वाण मराठवाड्याच्या भाकरीत मुरलेला आहे. २०१८ साली आलेल्या ‘परभणी शक्ती’त लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे.

सॅकचं गणित

वजनाला वजन धरलं तर इथेनॉलमध्ये गॅसच्या साधारण साठ टक्केच उष्णता असते. मग फायदा कुठे? गॅसचा २३० ग्रॅमचा डबा घेतला की रिकाम्या पोलादाचेच दीडेकशे ग्रॅम वाहावे लागतात आणि बर्नर वेगळा. अर्धा लिटर पाणी उकळायला वाऱ्याविना पंधरा-वीस मिलिलिटर स्पिरिट लागतं. दिवसाला चार उकळ्या धरल्या तर दोन दिवसांना दीडेकशे मिलिलिटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. पाच-सहा दिवसांपर्यंत स्पिरिटच हलकं पडतं, त्यापुढे गॅस. मापाला खोकल्याच्या औषधाचं आखलेलं टोपण उत्तम.

कळसूबाईवर चहा लवकर उकळतो

१६४६ मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आतच उकळतं. उकळी लवकर येते, पण डाळ शिजायला वेळ जास्त लागतो. तेव्हा डाळ घरी ठेवा. रवा घरीच फोडणी देऊन खमंग भाजा, तिखट-मीठ घालून पुडीत भरा. वर गेल्यावर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं की सांजा तयार.

थंडीतली युक्ती

इथेनॉलची वाफ सहज पेटायला साधारण १३ ते १७ अंश तापमान लागतं. परभणीचा पारा हिवाळ्यात त्याच्या बराच खाली उतरतो. अशा सकाळी काडीमागून काडी विझते. बाटली घट्ट बंद करून दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा आणि मग स्पिरिट ओता.

इथे मस्करी नाही

उन्हात ही ज्योत दिसत नाही. विझली असं समजून वरून स्पिरिट ओतलं की ज्योत बाटलीपर्यंत चढते. म्हणून स्टोव्ह पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही, कधीही नाही. तंबूच्या आत पेटवायचा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत कडकडीत वाळलेलं असतं, तेव्हा उघडा कातळ शोधा. राखीव जंगलात आग पेटवण्यावर तर १९२७च्या भारतीय वन कायद्याचीच बंदी आहे. सांडलं आणि पेटलं तर घाबरू नका, भरपूर पाणी ओता. रॉकेल पाण्यावर तरंगतं, इथेनॉल पाण्यात विरघळतं आणि विझतं.

मिथेनॉलच्या वाटेला जाऊच नका. ते जळतं छान, पण विष आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलच्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. आणि स्पिरिटच्या बाटलीवर ‘विष’ असं ठळक लिहा, पाण्याच्या बाटलीत स्पिरिट भरू नका.

तपोवन एक्सप्रेस पकडण्याआधी

परभणीहून नाशिक रोडला निघालात तर स्टोव्ह न्या, स्पिरिट नेऊ नका. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंधन उतरल्या गावीच घ्या. डिनेचर्ड (पिण्याला अयोग्य केलेल्या) स्पिरिटची विक्री राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांत येते, म्हणून परवानाधारक दुकान आधीच फोनवर गाठून ठेवा. सॅनिटायझरची जेल विकत घेऊन काम भागवू नका. ती धड जळत नाही आणि छिद्रं बुजवते.